कर्जाआधीं हप्त्याची तालीम

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपल्या वाडवडिलांनीं म्हणून ठेवलें आहे. या दोन कार्यांत मनुष्याच्या पैशाची, शहाणपणाची आणि गणगोताची एकाच वेळीं परीक्षा होते, हें ज्यानें त्यांतलें एक तरी कार्य पार पाडलें आहे त्यास निराळें सांगावयास नको. पूर्वीं नोकरींतून निवृत्त होतांना फंडाचे पैसे हातीं आले म्हणजे मनुष्य घराचा पाया खणीत असे. केवळ घरासाठीं कर्ज देण्याच्या हेतूनें हसमुखभाई पारेख यांनीं मुंबईस एचडीएफसी ही संस्था काढली ती १९७७ सालीं, आणि अशा संस्थांवर देखरेख ठेवण्यासाठीं राष्ट्रीय गृहनिर्माण बँक निघाली ती १९८८ सालीं; म्हणजे पगाराच्या आधारावर घर घेण्याची ही सोय अवघ्या दोन पिढ्यांची आहे. आतां नोकरी कायम होऊन दोनतीन वर्षें झालीं नाहींत तोंच तरुण गृहस्थ बँकेची पायरी चढतो. ही गोष्ट आम्ही वाईट समजत नाहीं. उमेदीच्या वर्षांत मुलाबाळांसह आपल्या छपराखालीं राहावयास मिळणें हें केव्हांही बरें.

आमची तक्रार निराळी आहे. घर घेऊं इच्छिणारा जो तो आम्हांस प्रथम विचारतो तें हें कीं, "कोणत्या बँकेचें कर्ज घ्यावें?" हा प्रश्न खरोखर शेवटचा. पहिला प्रश्न असा कीं, आपणांस हप्ता किती पेलतो? बँक किती देईल हें बँक सांगते. आपणांस किती पेलेल हें मात्र आपलें आपणच, आणि तेंही अनुभवानें, शोधून काढावें लागतें. याचा एक घरगुती प्रयोग आमच्याच घरांत झाला. त्याची हकीकत सांगितली असतां वाचकांस ती अगदींच निरुपयोगी वाटणार नाहीं, अशी आशा आहे.

आमचें घर वैजापुरांतील जुन्या वस्तींत. मातीच्या भिंती, वर माळवद. भाऊबंदांच्या वांटणींत आमच्या आणि आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंच्या हिश्शास मिळून तीन खोल्या आल्या. त्यांत आम्ही उभयतां, आमच्या वहिनी, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडें अशीं सात माणसें राहत असूं. माळवदाचें घर उन्हाळ्यांत थंड खरें. पण त्यास दरसाल पांढरी माती पाहिजे, आणि ती नीट चोपून बसविणारा माणूसही पाहिजे. दोन्ही आतां दुर्मिळ झालीं. दोन वर्षांमागें भाद्रपदांत तीन दिवस पावसाची झड लागली आणि तिसऱ्या रात्रीं मधल्या खोलीची भिंत आंतल्या बाजूस बसली. मुलें एरवीं त्याच भिंतीशीं निजत. त्या रात्रीं गळतीमुळें त्यांचीं अंथरुणें सूनबाईनें दुसरीकडे हलविलीं होतीं, म्हणूनच आज आम्ही हा मजकूर शांत चित्तानें लिहूं शकतों. सकाळीं पुतण्या म्हणाला, "काका, आतां डागडुजी नको. घरच घेऊं." त्यावर कोणापाशीं कांहीं उत्तर नव्हतें.

पुतण्या येथेंच एका अनुदानित शाळेंत शिक्षक आहे. सर्व कपात जाऊन त्याच्या हातीं अठ्ठावन्न हजार रुपये येतात. रोटेगांव स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवीं घरें होत होतीं, त्यांतील एक त्यानें पाहून ठेवलें. किंमत बत्तीस लाख. बँकेंत चौकशी केली तों साडेआठ टक्के व्याजानें वीस वर्षांसाठीं अठ्ठावीस लाख रुपये मिळतील, हप्ता सुमारें २४,३०० रुपये पडेल, असें त्यास सांगण्यांत आलें. त्यानें हर्षानें घरीं येऊन आम्हांस म्हटलें, "काका, पगारांत बसतें आहे. तुमच्या ग्रॅच्युइटींतले चार लाख दिलेत, तर उद्यां विसार देतों."

ते चार लाख म्हणजे आम्हां उभयतांच्या औषधपाण्याची पुंजी. तथापि ज्या घरांत रात्रीं भिंत पडली, त्या घरांत पैसा बँकेंत ठेवून काय करावयाचें, हाही विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. आम्हीं नाहीं म्हटलें नाहीं. एक अट घातली. "पडलेली भिंत तेवढी विटांची घालून घेऊं. आणि येत्या पगारापासून बारा महिने, पगार जमा होईल त्याच दिवशीं २४,३०० रुपये वेगळ्या खात्यांत टाकावयाचे. कर्ज घेतलेलेंच आहे असें समजावयाचें. बारा हप्ते बिनचूक पडले तर आमचे चार लाख तुझे."

सूनबाईनें विचारलें, "काका, वर्षभरांत घराचा भाव वाढला तर?" प्रश्न रास्त होता. आम्हीं सांगितलें कीं, भाव वाढेल, कदाचित् लाख दीड लाख अधिक पडतील. परंतु न पेलणारा हप्ता वीस वर्षांसाठीं गळ्यांत पडला, तर त्याचें नुकसान लाखांत मोजतां येणार नाहीं. आणखी, हें वर्ष फुकट जात नाहीं. साठलेली रक्कम घराच्याच कामीं येणार आहे.

पैसे ठेवावयाचे कोठें, यावरही घरांत बोलणें झालें. शेजारच्या एका गृहस्थांनीं अधिक व्याज देणाऱ्या एका पतसंस्थेचें नांव सुचविलें. आमच्या मराठवाड्यांत गेल्या कांहीं वर्षांत पतसंस्था आणि मल्टिस्टेट संस्था अडचणींत येऊन ज्या घरांचे लग्नाचे आणि घराचे पैसे अडकून पडले, तीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. बँकेंतील ठेवीस दर ठेवीदारामागें एका बँकेंत पांच लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पांच लाख झाली. पतसंस्थेच्या ठेवीस तें संरक्षण नाहीं. तेव्हां व्याज थोडें कमी पडलें तरी चालेल, पण घराचे पैसे बँकेंतच ठेवावयाचे, असें ठरलें.

त्या वर्षांत पुतण्यानें आणि आम्हीं रात्रीं जेवणें झाल्यावर कर्जाच्या हिशोबाचा अभ्यास केला. आमचा व्यासंग संस्कृताचा. म्हणून आरंभ आम्हीं आमच्या बाजूनें केला. व्यवहाराचीं जीं अठरा पदें मनूनें सांगितलीं, त्यांत पहिलें ऋणादान. तारण ठेवलेल्या कर्जावर दरमहा ऐशीवा भाग व्याज घ्यावें, असें याज्ञवल्क्यस्मृतींत आहे; म्हणजे शंभरास महिना सव्वा आणि सालीना पंधरा. त्या मानानें आजचा दर कितीतरी हलका. परंतु स्मृतिकारांनीं आणखी एक बंधन घातलें होतें, त्यास आपण दामदुप्पट म्हणतों: एका वेळीं घ्यावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होतां कामा नये. इंग्रजी अमदानींतही मुंबई इलाख्यांतील न्यायालयें हिंदु ऋणकोच्या बाबतींत हा नियम लावीत असत.

आतां हा नियम मनांत ठेवून आजच्या कर्जाकडे पाहावें. वीस लाखांचें कर्ज साडेआठ टक्क्यांनीं घेतलें आणि मुदत पंधरा वर्षें ठेविली, तर हप्ता १९,६९५ रुपये बसतो आणि सगळ्या मुदतींत सुमारें १५ लाख ४५ हजार व्याज जातें. मुदत वीस वर्षें केली तर हप्ता १७,३५६ रुपये आणि व्याज २१ लाख ६६ हजार. तीस वर्षें केली तर हप्ता १५,३७८ रुपयांवर उतरतो खरा, पण व्याज ३५ लाख ३६ हजारांवर चढतें. म्हणजे दरमहा चार हजार तीनशें रुपये हलके व्हावे म्हणून मनुष्य जवळजवळ वीस लाख रुपये अधिक देतो. आणि तेवढ्यांत पूर्वीचें सगळें कर्ज फिटतें! पहिल्या महिन्याचा हिशोब पाहिला तर आणखी डोळे उघडतात. वीस वर्षांच्या कर्जाच्या १७,३५६ रुपयांच्या पहिल्या हप्त्यांत १४,१६७ रुपये व्याजाचे असतात, आणि मुद्दलांतून अवघे ३,१८९ रुपये फिटतात.

दामदुपटीचा नियम येथें लागूं होत नाहीं. तो एका वेळीं थकलेल्या व्याजाविषयीं आहे, आणि आपण तर दरमहा व्याज चुकतें करीत असतों. परंतु कायदा जी मर्यादा लावीत नाहीं, ती गृहस्थानें स्वतःस लावून घेण्यास कोणाची आडकाठी आहे? सबंध मुदतीचें व्याज मुद्दलाहून वाढूं द्यावयाचें नाहीं, एवढें ठरवावें. साडेआठ टक्क्यांस ही मर्यादा साडेअठरा वर्षांच्या सुमारास येते. मुदत किती घ्यावी, या प्रश्नाचें याहून सोपें उत्तर आम्हांस तरी सांपडलें नाहीं.

दुसरा अभ्यास दराचा. कर्जाचा दर स्थिर असतो किंवा बदलता. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनीं बदलत्या दराचें नवें गृहकर्ज एखाद्या बाहेरच्या मापाशीं जोडावें असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, आणि बहुतेक बँकांनीं तें रेपोदराशीं जोडलें आहे. हा रेपोदर २०२२ च्या मे महिन्याच्या आरंभीं ४ टक्के होता. ८ फेब्रुवारी २०२३ रोजीं तो ६.५० झाला. पुढें २०२५ सालीं टप्प्याटप्प्यानें उतरत तो डिसेंबरांत ५.२५ वर आला. असे चढउतार वीस वर्षांत पुष्कळदां व्हावयाचे. दर वाढला म्हणजे अनेक बँका हप्ता तोच ठेवून मुदत वाढवीत, आणि कर्जदारास तें कळतही नसे. वर सांगितलेल्या वीस लाखांच्या कर्जाचा दर साडेआठाचा साडेनऊ झाला आणि हप्ता १७,३५६ च राहिला, तर २४० हप्त्यांचे ३०९ होतात. म्हणजे मुदत साडेपांच वर्षांहून अधिक लांबते. छत्तिसाव्या वर्षीं घेतलेलें कर्ज निवृत्तीच्या पलीकडे जाऊन बसतें. यासाठीं १८ ऑगस्ट २०२३ रोजीं रिझर्व्ह बँकेनें आज्ञा काढली कीं, दर बदलतांना हप्ता वाढवावयाचा, मुदत वाढवावयाची, दोन्ही थोडथोडीं वाढवावयाचीं, कीं कांहीं रक्कम आधीं भरावयाची, ही निवड कर्जदारास द्यावी. निवड मिळते, पण ती करण्यासाठीं बँकेचें पत्र फोडून वाचावें लागतें, आणि आपल्या घरोघरीं बँकेचीं पत्रें खुंटीच्या मागें खोंवून ठेवण्याची चाल आहे.

तिसरा अभ्यास कागदांचा, आणि येथें आम्हांस आमच्याच मूर्खपणाची कबुली दिली पाहिजे. तीस वर्षांमागें नोकरींत असतांना आम्हीं गांवाबाहेर दीड गुंठा जागा घेतली होती. स्टँपच्या कागदावर करार झाला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, पेढे वांटले. खरेदीखत नोंदवावयाचें राहिलें तें राहिलेंच. जमीन शेतीची, अकृषिक परवानगी नाहीं, सातबाऱ्यावर अखंड शेत मूळ मालकाच्याच नांवें. त्याच्या मागें त्याच्या मुलांचीं आणि मुलींचीं नांवें लागलीं, आणि त्यांतील एकासही आमच्या कराराची दाद नाहीं. ती जागा विकून घराच्या कामीं लावावी, अशी पुतण्याची कल्पना होती. वकिलांनीं कागद उलटून पाहिला आणि परत आमच्या हातांत ठेवला. ज्यानें चाळीस वर्षें मुलांस समास सोडविण्यास शिकविलें, त्यास स्वतःचा एक कागद नीट वाचतां आला नाहीं, हें त्या दिवशीं पुतण्यासमोर कबूल करतांना आमची मान खालीं गेली.

म्हणून आमच्या भागांतील वाचकांस थोडें सविस्तर सांगतों. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें येथील जुने कागद उर्दूंत किंवा मोडींत असतात, आणि पुष्कळ जमिनी मुळांत इनामी असतात. इनामें नष्ट करणारा हैदराबादचा कायदा १९५४ सालचा आहे, आणि त्याच सुमाराचें खासरा पत्रक हा येथील हक्कांचा एक मोठा आधार मानला जातो. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असा शब्द दिसला, तर ती जमीन सरकारी परवानगीवांचून हस्तांतरित होत नाहीं, असें समजून तेथेंच थांबावें आणि परवानगीचा कागद मागावा. गुंठेवारीच्या जागेसाठीं २००१ सालीं कायदा झाला, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या जागा नियमित करून घेण्याची वाट मोकळी झाली. परंतु तसा नियमित केल्याचा कागद विकणाऱ्यापाशीं आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. वडिलोपार्जित घर किंवा जागा असेल तर मुलींच्या सह्या विसरूं नयेत. महाराष्ट्रांत १९९४ सालीं आणि सर्व देशांत २००५ सालीं मुलींस जन्मतः वांटा मिळाला आहे. नव्या वसाहतींत घर असेल, आणि जागा पांचशें चौरस मीटरांहून आणि घरें आठांहून अधिक असतील, तर महारेराची नोंदणी पाहावी. आणि करार नोंदविल्यावांचून किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बांधणाऱ्यानें घेऊं नये, असा कायदा असल्यामुळें आपणही देऊं नये. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा. त्यास चार पैसे पडतात, पण आमच्या दीड गुंठ्याइतके पडत नाहींत.

एवढें होईतों आमच्या घरांतील तालीम चालू होतीच. पहिले चार हप्ते सपाट्यानें पडले. पांचव्या महिन्यांत शाळा उघडल्या. पुस्तकें, गणवेष आणि फी यांत पंधरा हजारच उरले. पुढें दोन महिने पुन्हां पुरा हप्ता पडला. मग वहिनींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया निघाली आणि त्या महिन्यांत नऊ हजारांवर भागलें. दिवाळींत बारा हजार. आणि सूनबाईच्या माहेरच्या लग्नांत आहेर, प्रवास होऊन अठरा हजार. एका महिन्यांत शाळांचा पगारच वीस दिवस लांबला, तेव्हां साडेनऊ हजार पडले. बारांपैकीं सात महिने हप्ता पुरा पडला आणि पांच महिने तुटला. वर्षाअखेर खात्यांत मुद्दल २,३३,६०० रुपये जमलें. म्हणजे दरमहा सरासरी साडेएकोणीस हजारांच्या आंत. बँकेनें मान्य केलेला हप्ता २४,३०० रुपयांचा होता! या पांच महिन्यांत खरोखरचें कर्ज असतें, तर दंडव्याज, फोनवरचे तगादे आणि पत बिघडल्याची नोंद हें सगळें पदरीं आलें असतें. येथें मात्र फक्त आंकडा कळला.

पतीवरून आठवलें. कर्जदाराच्या व्यवहाराची नोंद सिबिल आदि संस्था ठेवितात, आणि ३०० ते ९०० असा गुणांक देतात. अशा प्रत्येक संस्थेचा अहवाल वर्षांतून एकदां फुकट मिळतो. पुतण्यानें तो मागविला तों पूर्वींच फेडलेलें मोटारसायकलीचें कर्ज तेथें अद्याप उभेंच! तें दुरुस्त करून घेण्यास कांहीं आठवडे लागले. घर ठरल्यावर ही गोष्ट उजेडांत आली असती, तर धांवाधांव झाली असती.

आतां अटीचा प्रश्न उरला. बारा हप्ते बिनचूक पडले नव्हते. पुतण्या आपण होऊन म्हणाला, "काका, तुमच्या पैशांचा विषय संपला." त्या रात्रीं आमच्या मंडळीनें आम्हांस चांगलेंच सुनावलें. "शस्त्रक्रिया वहिनींच्या डोळ्याची, पगार सरकारानें लांबविलेला, आणि शिक्षा मुलाला? तुमची शाळा सुटून किती वर्षें झालीं?" यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. शेवटीं चारांपैकीं दोन लाख द्यावे आणि दोन लाख औषधपाण्यास ठेवावे, असें उभयतांनीं ठरविलें. ज्या वडील माणसांपुढें असाच प्रसंग आहे, त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, द्यावें, पण सगळें देऊं नये. आणि दिलें तें दान कीं उसनें, हें त्याच दिवशीं सर्वांच्या समक्ष बोलून टाकावें.

बत्तीस लाखांचें घर सोडलें. गांवांतच, जरा आंतल्या बाजूस, दोन खोल्या कमी असलेलें घर पंचवीस लाखांस ठरलें. त्यांत वीस लाख कर्ज, पांच लाख पदरचे. मुद्रांकशुल्क आणि नोंदणी यांसाठीं बँक सहसा कर्ज देत नाहीं, ही गोष्ट बहुतेक लोक विसरतात. तीं, वकील आणि किरकोळ खर्च मिळून एक लाख साठ हजार आणखी लागले. तालमीचे दोन लाख तेहेतीस हजार, पुतण्याची पूर्वीची शिल्लक साडेतीन लाख, आमचे दोन लाख. यांतून सर्व भागून सव्वा लाखाच्या आसपास उरले. ते, म्हणजे सात हप्त्यांएवढे, बँकेंत राहूं दिले आहेत. सूनबाईचे दागिने कपाटांतून बाहेर काढावे लागले नाहींत.

यानंतर मग कोणत्या बँकेचें कर्ज, हा शेवटचा प्रश्न आला, आणि तो दोन दिवसांत सुटला. कारण काय विचारावयाचें तें ठाऊक होतें. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाच्या सर्व मुख्य अटी एका पत्रकांत, कर्जदारास समजेल अशा भाषेंत देणें बँकांस बंधनकारक आहे. त्यास 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात. तें तीन ठिकाणांहून मागवून शेजारीं शेजारीं ठेवावें. नुसता व्याजाचा दर न पाहतां सर्व शुल्कें धरून येणारा वार्षिक दर पाहावा. रेपोदरावर बँक आपले किती टक्के अधिक घेते, तें पाहावें. दर 'स्थिर' म्हटला असेल तर तो सबंध मुदतीपुरता कीं पहिल्या दोनतीन वर्षांपुरता, हें विचारावें. व्यक्तीनें घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीपूर्वीं भरणा केल्यास दंड घेण्यास बँकांस २०१२ पासून मनाई आहे. म्हणून पुतण्यानें बदलता दर पत्करला आणि वीस वर्षांची मुदत घेतली, पण दरसाल एक हप्ता जादा भरण्याचें ठरविलें. तसें केलें असतां, दर तोच राहिल्यास, कर्ज सुमारें सतरा वर्षांत फिटतें आणि व्याज मुद्दलाच्या आंत राहतें. दामदुपटीची मर्यादा अशी पाळली गेली.

कर्जाबरोबर विमा गळ्यांत घालण्याचा आग्रह पुष्कळ ठिकाणीं होतो. कर्जासाठीं आयुर्विमा काढणें कायद्यानें सक्तीचें नाहीं. तथापि कर्त्या पुरुषाचा मुदतीचा विमा असावा, आणि तो आपण चौकशी करून निराळा घ्यावा, असें आमचें मत आहे. बापाचें ऋण मुलानें फेडणें हा पूर्वीं धर्म मानला जाई; २००५ च्या दुरुस्तीनें नव्या कर्जांपुरती ती धार्मिक जबाबदारी गेली, परंतु गहाण घर तर बँकेच्या हातीं असतेंच. तें मुलांच्या डोक्यावर राहावें, एवढ्यासाठीं विमा.

गहाणाचा प्रकारही समजून घ्यावा. आपल्या आजोबांच्या वेळीं ताबेगहाण आणि नजरगहाण हे शब्द सर्वांस ठाऊक असत. आज बँका बहुधा मूळ खरेदीखत ठेवून घेऊन गहाण करतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत हा प्रकार आहे. म्हणून आपण दिलेल्या प्रत्येक कागदाची यादी करून तिच्यावर बँकेची पोंच घ्यावी. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत न मिळाले आणि दोष बँकेचा असला, तर दर दिवसास पांच हजार रुपये भरपाई द्यावी, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. १८७५ सालीं पुणें आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, तेव्हां न समजतां केलेल्या सहीअंगठ्यांचें दुःख त्यामागें होतें. आपण शिकलेलीं माणसें. पण पन्नास पानांच्या करारावर खुणेच्या जागीं भराभर सह्या करतांना त्या अंगठ्यांहून आपण फार पुढें गेलों आहों काय?

घर कोणाच्या नांवें घ्यावें, यावरही विचार झाला. खरेदीदार केवळ स्त्री असेल तर महाराष्ट्रांत १ एप्रिल २०२१ पासून निवासी घराच्या मुद्रांकशुल्कांत एक टक्क्याची सवलत आहे; येथें पंचवीस हजार वांचले असते. परंतु कर्जावर उभयतांच्या सह्या, तर घरावरही उभयतांचीं नांवें असावीं, असें वहिनींनीं सांगितलें, आणि तेंच सर्वांस पटलें. २०२४ च्या सप्टेंबरांत सुरू झालेल्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेंत, वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर पस्तीस लाखांपर्यंत आणि कर्ज पंचवीस लाखांपर्यंत असल्यास पहिल्या आठ लाखांवरील व्याजांत चार टक्के सवलतीची तरतूद आहे, आणि ती एकंदर एक लाख ऐशी हजारांपर्यंत मिळूं शकते. कुटुंबापाशीं दुसरें पक्कें घर नसावें, ही तिची अट. पुतण्यानें अर्ज केला आहे. मात्र ती रक्कम हिशोबांत धरलेली नाहीं. जें मिळालें नाहीं तें खर्चीं घालूं नये.

गेल्या अक्षय्यतृतीयेस नव्या घरीं दूध ऊतूं घातलें. खोल्या थोड्या आहेत. आम्ही आणि आमची मंडळी पुढल्या खोलींत निजतों, आणि नातवंडें आमच्याजवळच अंथरूण घालतात. परवां रात्रीं मोठा पाऊस झाला. जुन्या संवयीनें आम्ही दोनदां उठून भिंतीस हात लावून पाहिला. ती कोरडी होती. महिन्याच्या पांच तारखेस हप्ता जातो आणि त्या दिवशीं घरांत कोणी त्याविषयीं बोलत नाहीं, कारण त्याची संवय सर्वांस आधींच झालेली आहे.

आमच्या वाचकांपैकीं जे घराच्या विचारांत असतील त्यांनीं येत्या पगारापासून आपल्या मनांतला हप्ता वेगळा टाकून पाहावा, आणि बारा महिन्यांचा हिशोब घरांतील सर्वांसमोर, विशेषतः जी स्वयंपाकघर चालविते तिच्यासमोर, मांडावा. भाड्याच्या घरांत राहत असतील त्यांनीं भाडें वजा करून उरलेली रक्कम टाकावी. आणि ज्यांच्या ट्रंकेंत आमच्यासारखा एखादा जुना कागद असेल, त्यांनीं तो आजच काढून वकिलास दाखवावा. आमच्याप्रमाणें तीस वर्षें थांबूं नये.